आगाऊ उपकारस्तुती

१२ जानेवारी १९५८, रविवार

फेरी आज पुन्हा माझ्यापाशी येऊन अडली.

आमची मंडळी लहान. पिंपरीत कामाला आलेली नगरकडची काही कुटुंबे, एक रेल्वेतले, एक शिंपी. चर्च नाही, यशवंतराव पाळकांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून उपासना होते. शेवटी प्रार्थनेची फेरी. डावीकडून सुरू करायचे, एकेकाने मोठ्याने बोलायचे, मनात असेल ते. ‘आमेन’ म्हटले की पुढचा. डोळे सगळ्यांचे मिटलेले.

माझी पाळी आली की मी नुसते ‘आमेन’ म्हणते. शेजारची छबूबाई मग घसा खाकरते. तिला सवय झाली आहे.

सासूबाईंना नाही. त्या माझ्या आधी होत्या. ‘देवबापा, माज्या आमोसच्या छातीला सुरी लागू दिऊ नगंस. तुज्या हातानं बरा कर. आन् आमच्या घरात ज्येंची तोंडं तुज्याफुडं उघडत न्हाईत, त्येंची उघड. आमेन.’

आमच्या मंडळीत कोणी कोणाशी भांडत नाही — देवाला सांगतात. मागे छबूबाईने देवाला सांगितले की शिंप्याने पोलक्याचे कापड उरवले, त्याला सद्बुद्धी दे. शिंप्याने त्याच फेरीत देवाला सांगितले, ‘बापा, मापं वाढत्यात हे तू जाणतोस.’ डोळे मिटून सगळे हसले.

मी शाळेत मराठी शिकवते. मुलींना कवितेतले दुःख फोड करून सांगते. इथे शब्द फुटत नाही. लाज वाटते असे नाही. पलीकडे कोणी आहे असे वाटत नाही, एवढेच.

१५ जानेवारी, बुधवार

इस्पितळात जाऊन आले. आगगाडीने खडकी, पुढे टांगा. आमोस दिवाळीपासून तिथे आहे. (वहीत मी त्याला नावाने लिहिते. तोंडाने नाही.)

डॉक्टर व्हरांड्यात भेटले. सांगण्याची पद्धत सरळ. इंजेक्शनांनी व्हायचे तेवढे झाले. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पोकळी आहे, ती मिटत नाही. वरच्या काही बरगड्या काढल्या की छाती तिथे खाली बसते आणि पोकळी दबते. दोन टप्प्यांत करतात. ‘महिनाभर वाट पाहू. ताप उतरला, थुंकी साफ आली, तर टाळता येईल. नाहीतर उशीर नको. दुसऱ्या बाजूला पसरले की माझ्या हातात काही राहणार नाही.’

आमोस पेनिसिलिनच्या कारखान्यात फिटर आहे. क्षयाला ते औषध चालत नाही. त्याचे सोबती भेटायला येतात तेव्हा म्हणतात, ‘औषधात पोहून कोरडाच आलास की भावा!’ तो हसतो. हसले की खोकला येतो.

शेजारच्या खाटेवर निघोज्याचा चिमाजी — शेतकरी, अंगाने आडवा. बरा होत आला आहे. मला म्हणाला, ‘वैनी, ह्येला घरचा डबा आनत जावा. हितली आमटी पिऊन बरगड्या आपोआपच निगतील.’

आमोसने एकच विचारले. ‘आई काय म्हणते?’

१९ जानेवारी, रविवार

सासूबाईंनी उपासना झाल्यावर जाहीर केले — पुढच्या रविवारी आमच्याकडे उपकारस्तुती!

उपकारस्तुती म्हणजे मागितलेले मिळाले की आभाराची सभा. गाणी, प्रार्थना, मग सगळ्यांना जेवण. मूल झाले, नोकरी लागली, ताप उतरला की करतात. झाल्यावर करतात.

यशवंतराव चष्मा पुसत म्हणाले, ‘सुभद्राबाई, आमोस घरी येऊ द्या, मग करू. थाटात करू.’

‘मागितलेलं मिळालंच असं धरून चाला, आसं शास्त्रात हाय का न्हाई?’

‘आहे.’

‘मंग धरलं म्या. तुमी धरत न्हाई का?’

पाळकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. छबूबाई म्हणाली, ‘पर देवाला घाई केल्यावानी व्हतंय, मावशी.’

‘माज्या देवाला आगाऊ चालतंय.’

घरी येताना मी म्हणाले, आई, थोडे थांबू या. त्या चालता चालता थांबल्या. ‘तू थांब. तू थांबलेलीच हायेस.’

२३ जानेवारी

दोन्ही कोंबड्या द्यायच्या असे ठरले. सासूबाईंनी त्या अंड्यांसाठी पाळल्या होत्या. शेजारच्या गोजाबाईंकडून मोठे पातेले आणले. गोजाबाईंनी विचारले, ‘कशाची पूजा हाय?’ सासूबाई म्हणाल्या, ‘माजा ल्योक बरा झाला.’ गोजाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी पातेले उचलले.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. मग घरी सभा. सगळी मंडळी आली. जागा पुरेना, पुरुष ओट्यावर बसले. यशवंतरावांनी जपून शब्द वापरले — ‘देव जे करील त्याबद्दल’. सासूबाईंनी डोळे मिटल्या-मिटल्या दुरुस्ती केली, ‘केलं त्याबद्दल!’

मग त्यांनी आभार मानले. ताप उतरल्याबद्दल. पोकळी भरल्याबद्दल. सुरी परत पेटीत गेल्याबद्दल. एकेक गोष्ट झाल्यासारखी सांगत होत्या. आवाजात खोट नव्हती. माझ्या अंगावर काटा आला — श्रद्धेने की भीतीने, सांगता येत नाही.

जेवण चांगले झाले. रस्सा उरला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

सासूबाईही आल्या होत्या. आमोसला सगळे सांगितले. कोण कोण आले, कोण काय म्हणाले, शिंप्याने किती भाकरी खाल्ल्या. ‘आता तुजं काम येवडंच — बरं व्हायचं. आभार मानून झालं.’

आमोस बराच वेळ आईकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘हो आई.’

चिमाजी मोठ्याने म्हणाला, ‘मावशी, माज्यासाठी बी एक कोंबडी कापा की वो!’

‘तुजा द्येव निराळा.’

‘कोंबडी तर तीच न्हवं!’

सासूबाई हसल्या. खूप दिवसांनी.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताप नाही! आठवडाभर तक्त्यावर सरळ रेघ. काल तपासलेली थुंकीही साफ.

डॉक्टर म्हणाले, चांगले आहे, पण छातीचा फोटो काढल्याशिवाय मी काही बोलत नाही. फोटो महिनाअखेरीस. तरी चेहरा मोकळा वाटला. आमोस मात्र थकलेला दिसतो. मी तसे म्हणाले तर म्हणाला, ‘बरं होण्यातही ताकद जाते.’

सासूबाईंना मी घरी येऊन सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मला काय सांगतीस? मला ठावं हाय.’

९ फेब्रुवारी, रविवार

थुंकी दुसऱ्यांदा साफ. पाळकांनी उपासनेत जाहीर केले. लोक सासूबाईंचे हात धरत होते. छबूबाई रडली, म्हणाली, मी शंका घेतली, मावशी, मला माफ करा.

फेरीत माझी पाळी आली. आज ‘आमेन’च्या आधी मी ‘आभार’ असा एक शब्द म्हणाले. शेजारी छबूबाईचा खाकरण्याचा अंदाज चुकला.

कॉलेजात असताना आम्ही म्हणत असू की प्रार्थना म्हणजे माणसाने स्वतःलाच घातलेली समजूत. समजुतीने थुंकीतले जंतू जात नाहीत. मग? आज हा प्रश्न मी लिहून ठेवते. उत्तर नाही. पण घरी येताना पाय हलके होते, हे खरे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आमोस डॉक्टरांच्या मागे लागला आहे — घरी सोडा. खाटा कमी आहेत, नवे रोगी व्हरांड्यात झोपतात. डॉक्टर विचार करत आहेत. फोटो बाहेरून येऊनही काढता येईल, म्हणाले.

घरी येणार! सासूबाईंनी गादी उन्हात टाकली.

१६ फेब्रुवारी, रविवार

जे कळले ते आधी सरळ लिहिते.

उपासनेनंतर एकटीच इस्पितळात गेले. आमोस झोपला होता. चिमाजीला उद्या घरी सोडणार. तो माझ्या मागोमाग व्हरांड्यात आला. एरवी बडबड्या माणूस, आज गळ्यातला रुमाल पिळत उभा.

‘वैनी, मी चाललो. मागं ह्येचं वंगाळ झालं तर मला लागंल, म्हनून सांगतो. त्या डब्या ग्येल्या त्या माज्या व्हत्या.’

मला कळले नाही. ‘कसल्या डब्या?’

‘थुकीच्या. पाटंचं बदलायचो आमी. माजी साफ हाय न्हवं. त्यो म्हनला, चिमाजी, येवडं कर. आन् तापाची काच तोंडात घालायच्या आदी गार पानी धरतो तोंडात. येक गुळनी. मंग ताप कसा दिसंल?’

‘तुम्ही का केलंत हे?’

‘हात जोडलं वो त्यानं माज्याफुडं! माजी आय खोटी पडंल म्हनला. मला वाटलं दोन-चार दिस. आता त्यो घरी जायाचं म्हनतोय. रगत पडतंय त्येचं, वैनी. उशीखाली बगा.’

मी आत गेले. आमोस गाढ झोपेत. उशीखाली हात घातला. रुमाल. पाहिला, परत ठेवला.

चिमाजीच्या थुंकीबद्दल मी देवाचे आभार मानले!

१७ फेब्रुवारी

वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, काय लिहायचे ते आठवेना.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आमोसला विचारले. शेजारच्या खाटेवरचा नवा रोगी झोपला होता.

त्याने नाकारले नाही. ‘आईनं सगळ्यांना बोलावून जेवायला घातलं. कोंबड्या कापल्या. आता मी उठून सांगू, की ताप आहे?’

‘ताप आहेच.’

‘तिला लोक काय म्हणतील? देवाला काय म्हणतील? तू तर आधीच काही मानत नाहीस. तुला सोपं आहे.’

मी म्हणाले, डॉक्टरांना सांगते. त्याने माझे मनगट धरले. हात तापलेला. ‘सांग. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी लागते. मी करणार नाही. मरेन, पण आईचा शब्द खोटा करून सही करणार नाही. देवाला वेळ दे, शालन. तो करतोच आहे. थोडा उशीर झालाय, इतकंच.’

मग त्याने शब्द मागितला. डॉक्टरांना सांगायचे नाही. आईला सांगायचे नाही. पाळकांना नाही, कोणत्याच माणसाला नाही. आमच्या घरात शपथ घालत नाहीत. होय म्हटले की होय. तो खोकू लागला, आणि थांबेना. मी होय म्हणाले.

२१ फेब्रुवारी

सही त्याचीच लागते. त्याला सही करायला लावील अशी एकच व्यक्ती आहे. तिला सांगायचे नाही असा शब्द दिला आहे. ती माझ्यासमोर बसून नातेवाइकांना निरोप धाडते आहे की डॉक्टरांनी सोडायचे कबूल केले, आमोस पुढच्या आठवड्यात घरी येतोय.

शब्द मोडावा. माणूस मोठा की शब्द? पण मोडला तर तो हट्टाला पेटेल. मी त्याला ओळखते.

दिवसभर हेच. भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, ‘ल्योक यायच्या आनंदानं का काय!’

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासना झाल्यावर आम्ही सगळे इस्पितळात गेलो — यशवंतराव, सासूबाई, छबूबाई, मी. पाळकांनी ठरवले होते, आमोस घरी येण्याआधी खाटेभोवती एक लहानशी प्रार्थना करायची.

उभ्यानेच फेरी केली. पाळक, मग छबूबाई. मग सासूबाई — ‘बापा, तू ऐकलंस. तू ऐकतोसच.’ मग आमेन.

मग मी.

पुढचे जसे आठवते तसे लिहिते. ठरवून काही केले नाही. माझी पाळी आली आणि लक्षात आले की माणसाला सांगायचे नाही असा शब्द आहे. आणि प्रार्थना माणसाला नसते.

‘देवा,’ मी म्हणाले. आवाज शिकवतानाचा लागला. ‘आमोसच्या उशीखाली रुमाल आहे. त्यावर रक्त आहे. ते तू पाहिले आहेस. मीही पाहिले. ताप मोजण्याआधी तो तोंडात गार पाणी धरतो. त्याच्या डबीत दुसऱ्याची थुंकी गेली. आईंनी आभार मानले, ते खोटे पडू नयेत म्हणून तो हे करतो आहे. तो घरी आला तर मरेल. हे त्याला कोणी सांगावे, ते मला कळत नाही. आमेन.’

त्याचे नाव मी त्याच्या आईसमोर प्रथमच घेतले.

डोळे उघडले तेव्हा सासूबाईंचे आधीच उघडे होते. पाळक मिटल्या डोळ्यांनीच उभे. सासूबाईंनी आमोसचे डोके एका हाताने उचलले, लहान मुलाचे उचलतात तसे, आणि दुसऱ्या हाताने रुमाल काढला. उलगडला. उजेडाकडे धरला. घडी करून आपल्या कमरेला खोचला.

‘आमोस, सही कर.’

‘आई, तू आभार —’

‘मानले ते मानले. आभार मागं घेत न्हाईत. तू सही कर.’

‘लोक म्हणतील —’

‘म्हनू देत. मी खोटी पडले तर पडले. द्येवाला खोटं पाडायला तू कोन रं? त्यो त्येचं बगून घील.’

आणि त्या डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागल्या. त्यांनीच सांगितले. डबीचे, पाण्याचे, सगळे. मी दारात उभी होते. ‘माज्या लेकरानं तुमाला फशिवलं,’ म्हणाल्या, ‘माज्यापायी. आता काय कापायचं ते कापा.’

२४ फेब्रुवारी

लगेच फोटो काढला. पोकळी वाढली आहे. डावी बाजू अजून बरी आहे. डॉक्टर म्हणाले, अजून. चार तारखेला पहिला टप्पा.

आमोसने सही केली. माझ्याकडे पाहिले नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

‘तू शब्द मोडलास,’ आमोस भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

‘मी माणसाशी बोलले नाही.’

‘तू? देवाशी?’ असे म्हणून हसला. हसण्यात काही नव्हते. मग झोपेचे सोंग घेतले. मी भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिले.

२ मार्च, रविवार

मंडळीत कुजबुज. उपकारस्तुती फुकट गेली म्हणतात. शिंपी म्हणाला, ‘जेवण तर आमचं झालंच, ते काय परत करायचं?’ कोणी हसले नाही.

फेरीत छबूबाईने देवाला सांगितले की घाईने आभार मानणाऱ्यांना तू क्षमा कर. सासूबाईंची पाळी आली. सगळे वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, ‘बापा, मंगळवारी डाक्टराचा हात धर. तुजा आन् त्येचा येकच कर. मला पयलं ह्ये सुचलं न्हाई. आमेन.’

मी ‘आमेन’ म्हणाले. छबूबाईने डोळे उघडून पाहिले. तिला आणखी काही ऐकायचे होते बहुतेक.

४ मार्च, मंगळवार

सकाळी नेले. दुपारी आणले. तीन बरगड्या काढल्या. जिवंत आहे.

५ मार्च, बुधवार

उजवा खांदा पार पडल्यासारखा दिसतो. बोलू नको म्हटले आहे. ओठ ओले करायला कापूस दिला होता. मी करत होते. डोळे उघडे होते, माझ्याकडे नव्हते.

१२ मार्च, बुधवार

ताप खरोखरच कमी आहे. परिचारिका आता थर्मामीटर आपल्या हाताने लावते आणि काढेपर्यंत समोर उभी राहते.

चिमाजी निघोज्याहून भेटायला आला. हरभऱ्याचे डहाळे आणले होते. आमोसच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, ‘शिव्या घाल, पर बोल.’ आमोसने डाव्या हाताने त्याला जवळ बोलावले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. चिमाजी डोळे पुसत गेला.

माझ्याशी अजून नाही.

१९ मार्च, बुधवार

दुसरा टप्पा पुढच्या मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, हा पहिल्यापेक्षा कठीण. रक्त बरेच गेले आहे, अंगात ताकद कमी. पण आता अर्ध्यावर सोडता येत नाही. ‘मी आश्वासन देत नाही.’ मी म्हणाले, मागत नाही.

खडकीच्या फलाटावर बसून होते. एक गाडी गेली, तशीच बसले. दुसरीने आले.

२३ मार्च, रविवार

आमोस बोलला.

मी उशी सरळ करत होते. म्हणाला, ‘मला भीती वाटते.’

‘हं.’

‘आईसमोर असं म्हणता येत नाही. पाळकांसमोरही नाही. विश्वास कमी पडला म्हणतील.’ मग थोड्या वेळाने, ‘तुझ्यासमोर येतं.’

मी त्याचा डावा हात धरून बसले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तो म्हणाला, ‘त्या दिवशी तू बोललीस ते बरं केलंस. अजून राग आहे. पण बरं केलंस.’

२४ मार्च, सोमवार

संध्याकाळी सासूबाई बाजरी पाखडत होत्या. मी पेपर तपासत होते. सूप न थांबवता त्यांनी विचारले, ‘त्या दिशी खाटंपाशी बोलत व्हतीस, ती द्येवाशी का आमच्याशी?’

महिनाभर त्यांनी हे विचारले नव्हते. खोटे बोलायचे तर सोपे होते.

मी म्हणाले, ‘तुमच्याशी.’

‘वाटलंच मला.’ सूप चालूच. मला वाटले आता शब्द येतील, प्रार्थनेचा खेळ केलास म्हणून. आले नाहीत. त्यांनी खडे वेचून बाजूला टाकले. ‘मंग त्येला तू अजून काय सांगितलंच न्हाईस की.’

‘त्यानं ऐकलं असेल ना, आई.’

‘ऐकलं आसंल. दुसऱ्याला हाक मारली तरी शेजारी ऐकतोच. पर त्येला हाक कुटं मारलीस?’

मी पेपर बाजूला ठेवले.

‘उद्या आमोसला पुन्ना आत नेत्यात. म्या माजं सांगितलंय. आगाऊ आभार न्हाई मानले ह्या टायमाला. भ्याले मी. मलाबी वाटतंय, ऐकतोय का न्हाई.’ सूप थांबले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकले. ‘तू तुजं सांग. मला ऐकू नगं येऊ दिऊस.’

२५ मार्च, मंगळवार

सासूबाई पहाटे यशवंतरावांबरोबर गेल्या. इस्पितळात एकाच बाईला बसू देतात. मी संध्याकाळी जायचे. शाळेतून दुपारीच सुटले. दार लावले. कुठे तोंड करून बसायचे कळेना, तशी चुलीपाशी बसले. पहिला शब्द निघायला वेळ लागला. मग मोठ्याने बोलले. वाक्ये नीट नव्हती. रडले, भांडलेही.

गोजाबाईंनी बाहेरून कडी वाजवली. ‘बाई, कोन आलंय का वो घरात? मगाधरनं बोलताय.’

मी म्हणाले, ‘आहे.’